मास्टर गार्डनर : स्वयंसेवी उद्यानशिक्षणाची पन्नास वर्षे

एखादे स्वयंसेवी कार्य पन्नास वर्षे टिकते, तेव्हा ते कशाच्या बळावर टिकले, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. देणगीदार बदलतात, कार्यकर्त्यांच्या पिढ्या बदलतात, आरंभीची मंडळी एकेक करून निवृत्त होतात. तरी काम चालूच राहते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण सारे आपल्या संस्थेच्या वाटचालीकडे मागे वळून पाहत आहोत. अशा प्रसंगी, साता समुद्रांपलीकडे वाढलेल्या आणि नुकतीच पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या एका उपक्रमाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले. त्या उपक्रमाचे नाव ‘मास्टर गार्डनर’. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात (त्या देशाच्या राजधानीचे नावही वॉशिंग्टनच असले, तरी ती पूर्व किनाऱ्याजवळ, हजारो किलोमीटर दूर आहे) १९७२-७३ साली त्याचा उगम झाला.

विषय वरवर पाहता किरकोळ आहे. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके का पडले, हिरवळीत शेवाळ का माजले, टोमॅटो पिकत का नाही, असल्या शंकांना विनामूल्य उत्तरे देणारे हे स्वयंसेवक. परंतु या किरकोळ कामामागे एक मोठा प्रश्न उभा होता. विद्यापीठातील ज्ञान सामान्य नागरिकाच्या हाती देऊन त्यालाच पुढे शिकवायला सांगावे काय? आणि ते ज्ञान चुकीच्या रीतीने वाटले गेले, तर जबाबदार कोण? या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातच त्या उपक्रमाच्या दीर्घायुष्याचे कारण सापडते.

या उपक्रमाची मुळे पाहण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १८६२ साली, यादवी युद्धाचा वणवा पेटलेला असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ‘मॉरिल कायद्या’वर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये प्रत्येक राज्याला केंद्राकडून जमीन मिळाली. ती विकून येणाऱ्या निधीतून शेती, यंत्रविद्या आणि इतर विषय शिकविणारी महाविद्यालये उभारावीत, अशी योजना होती. तोवर उच्च शिक्षण हे प्रामुख्याने धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य यांच्यासाठी होते. शेतकऱ्याच्या मुलासाठी विद्यापीठाचे दार उघडण्याचा हा मोठा प्रयत्न होय. ही जमीन बहुतांशी तेथील मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. अलीकडच्या संशोधनाने ते सत्य ठळकपणे पुढे आणले आहे. पुढे १८८७ च्या ‘हॅच कायद्या’ने या महाविद्यालयांना जोडून प्रयोगकेंद्रे उभी राहिली. आता शिकविणारे होते, संशोधन करणारेही होते. परंतु संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचत नव्हते.

ही उणीव भरून काढण्यात सीमन नॅप या वयोवृद्ध कृषितज्ज्ञाचा वाटा मोठा आहे. १९०३ साली टेक्सास राज्यातील टेरेल या गावी वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर त्यांनी प्रात्यक्षिक घडवून आणले. सरकारी शेतावर तज्ज्ञाने पीक काढून दाखविले, तर शेतकरी म्हणतो, ‘त्यांच्यापाशी पैसा आहे, माणसे आहेत, त्यांना जमते.’ शेजाऱ्याच्या शेतात तेच पीक उभे राहिले की त्याला निराळे सांगावे लागत नाही. नॅप यांची युक्ती एवढीच होती. नुकसान झाल्यास ते भरून देण्याची हमी गावातील व्यापाऱ्यांनी घेतली होती. ती भरण्याची वेळ आली नाही, कारण शेतकऱ्याला नफाच झाला. या अनुभवाच्या पायावर १९१४ साली ‘स्मिथ-लिव्हर कायदा’ झाला आणि सहकारी कृषिविस्तार सेवा अस्तित्वात आली. केंद्र सरकार, राज्याचे विद्यापीठ आणि स्थानिक काउंटी (आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) अशा तिघांच्या तिजोरीतून तिचा खर्च चाले. प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचा एक विस्तार-अधिकारी बसू लागला.

दोन महायुद्धांच्या काळात घरगुती बागेला राष्ट्रकार्याचे स्वरूप आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘विजय-उद्याने’ या नावाने सुमारे दोन कोटी घरगुती बागा फुलल्याचे सांगितले जाते. युद्ध संपले, दुकाने भरली, आणि भाजीपाल्याच्या त्या वाफ्यांवर हिरवळ आली. पण विस्तार-अधिकाऱ्याच्या कामात यामुळे एक सूक्ष्म बदल घडला होता. त्याच्या दारी आता केवळ शेतकरी येत नव्हता. उपनगरांत नवी घरे बांधून राहणारा कारकून, शिक्षक, विमान कारखान्यातील कामगारही येऊ लागला. त्याचे पीक बाजारात जाणार नव्हते. परंतु तो कर भरत होता, आणि त्याच करातून अधिकाऱ्याचा पगार निघत होता. तेव्हा त्याला ‘आम्ही फक्त शेतकऱ्यांसाठी आहोत’ असे सांगून परत पाठविणे शक्य नव्हते.

वॉशिंग्टन राज्यात ही अडचण फारच तीव्र झाली. राज्याचे कृषी विद्यापीठ पुलमन या गावी, राज्याच्या पूर्व सीमेजवळ गव्हाच्या प्रदेशात आहे. लोकवस्ती मात्र दाटलेली आहे ती पश्चिमेला, समुद्राच्या खाडीकाठी, तेथून सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतरावर. १९७० च्या जनगणनेत सिएटल शहराला पोटात घेणाऱ्या किंग काउंटीची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक आणि टॅकोमा शहर असलेल्या पिअर्स काउंटीची ४ लाखांहून अधिक भरली. त्याच सुमारास बोइंग या विमान कंपनीने प्रचंड नोकरकपात केली होती. १९७१ साली सिएटलमध्ये, शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, अशा अर्थाचा एक फलक लागला होता. त्या काळच्या निराशेची खूण म्हणून तो आजही सांगितला जातो. हाती वेळ होता, खिशात पैसा कमी होता. शिवाय १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनानंतर पर्यावरणाविषयीची जागृती वाढीला लागली होती. घरोघरी भाजी लावण्याची ओढ त्यातून वाढली. सिएटल नगरपालिकेने पिकार्डो कुटुंबाच्या जुन्या शेतजमिनीवर नागरिकांना वाफे वाटून देण्याची योजना १९७३ साली हाती घेतली, ती याच काळात. ‘पी-पॅच’ या तिच्या नावातील ‘पी’ त्या कुटुंबाच्या नावावरून आला आहे.

अशा वातावरणात डेव्हिड गिबी हे या दोन्ही काउंटींसाठी उद्यानविद्येचे विस्तार-अधिकारी म्हणून काम पाहत होते. व्यापारी तत्त्वावर फळे, फुले व रोपे पिकविणाऱ्यांना मार्गदर्शन करायचे, आणि शहरी बागाइतांच्या शंकाही सोडवायच्या, अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती. पंधरा लाख लोकवस्तीतील हौशी बागवानांचे प्रश्न एका माणसाच्या टेबलावर येऊन पडू लागले. दूरध्वनी खणखणत राहिला आणि नेमून दिलेले मूळ काम बाजूला पडू लागले. गिबी यांनी आधी जो उपाय केला, तो कोणीही सुज्ञ माणूस करील असाच होता. वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्याद्वारे एकदाच सर्वांना माहिती द्यावी, म्हणजे विचारणा कमी होईल. परिणाम उलटा झाला. अशी एक सेवा आहे, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही ते कळले, आणि विचारणा अधिकच वाढली.

तेव्हा गिबी आणि पिअर्स काउंटीतील त्यांचे सहकारी बिल शीअर यांच्या विचारांतून एक कल्पना पुढे आली. ज्यांना बागकामाची आवड आहे आणि थोडेबहुत ज्ञानही आहे, अशा नागरिकांना विद्यापीठाने पद्धतशीर प्रशिक्षण द्यावे. त्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांच्या शंका सोडवाव्यात.

आज ही कल्पना सरळसाधी वाटते. त्या वेळी विद्यापीठाच्या विषयतज्ज्ञांनी ती मान्य केली नाही. स्वयंसेवकांना पुरेसे तयार करता येईल आणि लोक अशा कामाला खरोखर पुढे येतील, याविषयी त्यांना शंका होती. त्यांना हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल. वनस्पतिरोग आणि कीटकशास्त्र हे वर्षानुवर्षे अभ्यासाचे विषय. एकाच पिवळ्या पडलेल्या पानामागे पाण्याचा अतिरेक, मुळांची कूज, लोहाची कमतरता किंवा कोळ्यासारख्या सूक्ष्म जिवाचा उपद्रव, यांपैकी काहीही असू शकते. त्यातून फवारणीच्या औषधाचा प्रश्न. चुकीचे औषध किंवा चुकीची मात्रा सांगितली गेली, तर झाड मरेल एवढेच नव्हे, तर माणसाच्या जिवावरही बेतू शकते. विद्यापीठाच्या नावाने दिलेला सल्ला हा विद्यापीठाचाच सल्ला ठरतो. आपल्याकडील एखाद्या धर्मादाय दवाखान्याने उत्साही स्वयंसेवकांच्या हाती औषधाची चिठ्ठी लिहिण्याचे काम द्यायचे ठरविले, तर आपले विश्वस्त काय म्हणतील, याची कल्पना केली म्हणजे त्या तज्ज्ञांची चिंता समजते.

वादाने जे साधले नसते, ते प्रात्यक्षिकाने साधले. १९७२ साली टॅकोमा मॉल या मोठ्या खरेदी-संकुलात चाचणी म्हणून एक ‘वनस्पती-चिकित्सालय’ मांडण्यात आले. नाव भारदस्त असले तरी त्यासाठी फारसे काही लागत नाही. एक टेबल, काही पुस्तके, भिंग, आणि टेबलामागे जाणकार माणसे. बाजारहाटासाठी आलेल्या लोकांनी तेथे एवढी गर्दी केली, की मागणीचे प्रमाण तज्ज्ञांना डोळ्यांनी दिसले. एकट्या अधिकाऱ्याने हे काम पेलणे अशक्य आहे, हे मग निराळे सिद्ध करावे लागले नाही. सत्तर वर्षांपूर्वी नॅप यांनी शेतकऱ्यांची जी समजूत घातली होती, तीच या वेळी तज्ज्ञांची घातली गेली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याच सुमारास ‘सनसेट’ या पश्चिम अमेरिकेतील लोकप्रिय मासिकाच्या स्टीव्ह लॉर्टन या संपादकांनी या नियोजित उपक्रमाची वार्ता छापली. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात बातमी आली, लोकांकडून विचारणा सुरू झाली, आणि कल्पना मागे घेणे आता अवघड झाले. वृत्तपत्रीय प्रसिद्धीने आधी गिबी यांचा भार वाढविला होता. त्याच प्रसिद्धीने या वेळी त्यांची वाट मोकळी केली.

नावाचा उगमही मनोरंजक आहे. गिबी आणि शीअर या दोघांचाही जर्मनीशी पूर्वसंबंध आला होता. जर्मनीत सुतार, लोहार, माळी अशा प्रत्येक व्यवसायात उमेदवारी आणि परीक्षा पार केलेल्या कारागिराला ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद ही पदवी मिळते. बागकामातील अशा उस्तादासाठीचा ‘गार्टनमाइस्टर’ हा शब्द त्यांनी इंग्रजीत आणला आणि ‘मास्टर गार्डनर’ हे नाव रूढ झाले. जर्मन उस्ताद वर्षानुवर्षे घाम गाळून ती पदवी मिळवितो. येथे काही आठवड्यांच्या वर्गानंतर ती मिळणार होती. नाव थोडे अधिक वजनाचेच ठेवले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि, माणसाला सन्मानाचे नाव दिले की तो त्या नावाला जागण्याचा प्रयत्न करतो, हेही तितकेच खरे.

१९७३ साली सिएटल आणि टॅकोमा परिसरात पहिले वर्ग भरले. विषय होते रोपांची जोपासना, भाजीपाला, फळझाडे, हिरवळ, कीटक, रोग, तण आणि औषधांचा सुरक्षित वापर. शिकवायला होते तेच विषयतज्ज्ञ, ज्यांना आरंभी ही कल्पना पटली नव्हती. किंग काउंटीतील कामाची घडी बसविण्यात शॅरन कोलमन यांचा वाटा महत्त्वाचा मानला जातो.

येथे त्या उपक्रमाच्या मर्मावर बोट ठेवले पाहिजे. ते शिक्षण दान म्हणून दिले गेले नाही आणि विकलेही गेले नाही. ते एक प्रकारे उधार दिले गेले. शिकणाऱ्याने ते तासांच्या रूपाने समाजाला परत करायचे. पुढे राज्याराज्यांत आकडे बदलले, पण बहुतेक ठिकाणी सुमारे ४० ते ५० तासांचे प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षी जवळपास तितक्याच तासांची सेवा, असे प्रमाण स्थिरावले. सेवेचे तास भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. ते मिळाल्यावरही दरवर्षी काही तास सेवा आणि काही तास नवे शिक्षण पूर्ण केले, तरच नाव यादीत राहते. तासांची नोंद ठेवावी लागते. शिवाय या पदवीचा उपयोग स्वतःच्या रोपवाटिकेच्या किंवा बागकामाच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी करता येत नाही. आपल्याकडे ‘सेवेला हिशेब कसला?’ असे सहज म्हटले जाते. त्या मंडळींनी मात्र पहिल्यापासून हिशेब ठेवला. पुढे अंदाजपत्रकात कपात करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे ‘आमच्या लोकांनी इतके तास काम केले’ असा आकडा मांडता आला, तो त्या नोंदवह्यांमुळेच.

टेबलापाशी नेमके काय चालते, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. समजा, एक गृहस्थ पिशवीतून ऱ्होडोडेंड्रॉनची फांदी घेऊन येतात. हे त्या राज्याचे राज्यफूल. अंगणाअंगणांत त्याची झुडपे दिसतात. पानांच्या कडा कोणी कातरल्यासारख्या खाचदार झाल्या आहेत. ‘किडा कुठेच दिसत नाही, कोणते औषध मारू?’ असा त्यांचा प्रश्न. शिकलेला स्वयंसेवक औषधाचे नाव सांगत नाही. तो उलट प्रश्न विचारतो. खाचा केव्हापासून दिसतात? नव्या पानांवर आहेत की जुन्याच? रात्री विजेरी घेऊन झुडूप पाहिले आहे काय? कारण हे काम एका लहान, काळपट भुंग्याचे असते. तो रात्री पाने कुरतडतो आणि दिवसा झुडपाच्या बुडाशी पालापाचोळ्यात लपतो. पानांच्या खाचा दिसायला वाईट, पण मोठ्या झुडपाला त्यांनी सहसा काही होत नाही. खरा धोका असतो तो मातीत राहून मुळे खाणाऱ्या त्याच्या अळीचा, आणि तोही प्रामुख्याने कोवळ्या रोपांना. हे समजल्यावर पुष्कळदा गृहस्थ काहीही न फवारता घरी जातात. दुसरी एक बाई हिरवळीतील शेवाळ मारण्याचा उपाय विचारतात. शेवाळ हे तेथे दुखण्याचे कारण नसून लक्षण असते. सावली, ओल, दबलेली आणि आम्लधर्मी माती यांमुळे गवत कमजोर होते, आणि मोकळ्या झालेल्या जागी शेवाळ येते. सावली तशीच ठेवून शेवाळ कितीही खरवडले, तरी पुढच्या पावसाळी हिवाळ्यात ते पुन्हा हजर होते.

स्वयंसेवकाला आणखी एक गोष्ट आवर्जून शिकविली जाते, ती म्हणजे ‘मला ठाऊक नाही, शोधून सांगतो’ असे म्हणणे. उत्तर सापडले नाही तर नमुना विस्तार-अधिकाऱ्याकडे, तेथून गरज पडल्यास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे जातो. तज्ज्ञांची मूळ भीती नाहीशी करणारी ही व्यवस्था होती. स्वयंसेवकाला सर्व काही येत असण्याची गरजच ठेवली नाही. आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते, एवढे त्याला कळणे पुरेसे होते.

औषध मारण्याच्या या प्रश्नावर आपल्या वाचकांच्या मनात सहज विचार येईल, की जीवहिंसेचा सल्ला देणाऱ्या या कामाचे कौतुक कसे करावे? प्रामाणिकपणे सांगायचे, तर आरंभीच्या वर्षांत ‘कोणत्या किडीला कोणते औषध’ हा प्रशिक्षणाचा मोठा भाग होता, आणि आजही कीडनाशकांचा सल्ला सर्वस्वी वर्ज्य नाही. अहिंसा हे त्या उपक्रमाचे तत्त्व नव्हे. परंतु काळाबरोबर दिशा बदलली. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले होते. १९७२ सालीच अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी आली. पुढे एकात्मिक कीडनियंत्रणाची पद्धत रुजली. आधी ओळख पटवा, मग नुकसान खरोखर सोसण्यापलीकडचे आहे का ते पाहा, मग हाताने वेचणे, पाणी व माती सुधारणे, मित्रकीटकांना वाव देणे, आणि सर्वांत शेवटी औषध. कारणे शास्त्राची आणि पर्यावरणाची असली, तरी ‘मारण्याची खरोखर गरज आहे काय?’ हा प्रश्न तेथे आता प्रथम विचारला जातो. आपल्या दृष्टीने एवढी नोंद महत्त्वाची आहे.

उपक्रमाची वाढ झपाट्याने झाली. शेजारच्या ओरेगन राज्याने १९७६ साली तो उचलला. त्या दशकाच्या अखेरीस टेक्सास आणि व्हर्जिनिया, १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया, आणि कालांतराने पन्नासही राज्ये व राजधानीचा प्रदेश यांत तो पोहोचला. १९८० च्या दशकात कॅनडात आणि पुढे दक्षिण कोरियातही त्याचे अनुकरण झाले. २०१० च्या दशकातील राष्ट्रीय पाहण्यांत स्वयंसेवकांची संख्या ८० हजारांहून अधिक आणि वर्षाकाठी सेवेचे तास सुमारे ५० लाख भरले. टॅकोमातील एका टेबलापासून झालेला हा विस्तार आहे. कामाचे क्षेत्रही रुंदावले. शाळांच्या बागा, कारागृहातील बागा, अन्नछत्रांसाठी भाजीपाला, पाणी वाचविणारी लागवड, परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी फुलझाडे. सिएटलमध्ये १९८० च्या दशकात याच धर्तीवर खत करण्याचे शिक्षण देणारा ‘मास्टर कंपोस्टर’ उपक्रम निघाला. घरातील ओला कचरा कुजवायला शिकविणारे स्वयंसेवक त्यातून तयार झाले.

सारेच गोमटे झाले, असे नाही. स्वयंसेवक विनामोबदला असले, तरी त्यांना शिकविणारा, त्यांच्या चुका सुधारणारा पगारी समन्वयक लागतोच. २००८ नंतरच्या मंदीत अनेक ठिकाणी काउंटींनी हात आखडता घेतला, तेव्हा ‘स्वयंसेवक आहेतच, मग अधिकारी कशाला?’ हा उफराटा युक्तिवाद ऐकू येऊ लागला. स्वयंसेवकांचे यश हेच त्यांच्या आधारावर घाव घालण्याचे निमित्त व्हावे, हा दैवदुर्विलास! दुसरी उणीव अशी, की आठवड्याच्या मधल्या दिवशी भरदुपारी भरणाऱ्या वर्गांना येऊ शकणारे लोक म्हणजे प्रामुख्याने निवृत्त आणि सुस्थितीतील गौरवर्णीय. मजुरी करणारे, नव्याने आलेले स्थलांतरित, तरुण पालक यांना त्या वर्गांचे दार व्यवहारात बंदच राहिले. संध्याकाळचे वर्ग, घरबसल्या संगणकावरील पाठ आणि स्पॅनिशसारख्या भाषांतील शिक्षण यांनी ती उणीव थोडीफार कमी केली. भरून निघाली असे म्हणता येत नाही. २०२० च्या महामारीत टेबले उचलावी लागली, तेव्हा लोक पानांची छायाचित्रे पाठवून प्रश्न विचारू लागले, आणि ती सोय नंतरही चालू राहिली.

आपल्या महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक धागा जुळतो. आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेतील त्याच जमीन-अनुदान विद्यापीठांच्या नमुन्यावर, शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन अंगांसह उभी राहिली. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, आणि दापोली व परभणी येथील १९७२ साली. टॅकोमात ज्या वर्षी गर्दी जमली, त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. लोक खडी फोडायच्या कामावर जात होते. आपल्या विस्तार-सेवेने शहरी गच्चीकडे न पाहता कोरडवाहू शेताकडे पाहिले, हे त्या परिस्थितीत योग्यच होते. कुंड्यांतील झाडांची विचारपूस करायला तेव्हा सवड कोणाला होती?

तरीही, सामान्यांनी शिकून सामान्यांना शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे स्वतंत्रपणे रुजली होती. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’त द्राक्षबागाईतदार आपापल्या बागांत प्रयोग करीत, निरीक्षणे एकमेकांना कळवीत आणि परस्परांचे शिक्षक होत. तेथे विद्यापीठ नव्हते, परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि अगदी थोडी माती यांवर गच्चीत भाज्या व फळे पिकवून दाखविली आणि ती रीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिकविली. त्यांच्याकडून प्रेरणा घेणाऱ्यांत मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या प्रीती पाटील होत्या. हजारो कामगारांच्या स्वयंपाकातून रोज निघणारा ओला कचरा त्यांनी गच्चीवर नेला, त्यावर फळझाडे आणि पालेभाज्या वाढविल्या. पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ या नावाने स्वयंसेवकांचा गट जमवून माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीसारख्या ठिकाणी त्यांनी हीच विद्या इतरांच्या हाती दिली.